मका, चुना आणि आपली मराठी

अमेरिकेत वाढणारं मराठी मूल दहा-बारा वर्षांचं झालं की आई-बाबांना एक प्रश्न हमखास विचारतं. वेळ बहुधा रविवार सकाळची असते. मराठी शाळेला निघायची घाई असते आणि त्याच वेळी सॉकरची मॅचही असते. "मला मराठी यायलाच कशाला पाहिजे? आजीला तर इंग्लिश कळतं!"

प्रश्न जरा उद्धट वाटतो. पण शांतपणे पाहिलं तर तो अस्सल तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याला आपण देतो ती उत्तरं लंगडी असतात. "आजी-आजोबांशी बोलता येईल" हे उत्तर खरं आहे, पण एका पिढीपुरतं. "आपली संस्कृती फार थोर आहे" म्हणावं, तर वर्गातली कोरियन, ग्रीक आणि मेक्सिकन मुलंही घरी हेच ऐकून आलेली असतात. "दोन भाषा आल्या की मेंदू तल्लख होतो" म्हणावं, तर मूल म्हणतं, मग स्पॅनिश शिकतो, हायस्कूलमध्ये क्रेडिट तरी मिळेल! आपण निरुत्तर होऊन म्हणतो, "आता गाडीत बस!"

म्हणून हा प्रश्न एकदा आपणच नीट विचारून पाहू या. जगात माणसं इतक्या वेगवेगळ्या रीतींनी का जगतात? आणि उद्या सगळे एकाच रीतीने जगू लागले, तर नेमकं काय बिघडेल?

पहिल्या प्रश्नाचं एक जुनं आणि चुकीचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठे विद्वान देत असत. माणसांचे वंश मुळात वेगळे, म्हणून संस्कृती वेगळ्या. त्यातही काही वंश वरच्या पायरीवर, काही खालच्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांनी या समजुतीला आयुष्यभर विरोध केला. बोआस स्वतः जर्मनीतून इथे आलेले. त्यांनी १८८३-८४ साली बॅफिन बेटावर इन्युइट लोकांमध्ये राहून पाहिलं होतं. संस्कृती ही एकाच जिन्याची पायरी नसते, प्रत्येक समाजाचा प्रवास त्याच्या जागेचा आणि त्याच्या इतिहासाचा असतो, असं ते मांडत राहिले.

या वादात एक मराठी नावही आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते, आणि पुढे नाझींनी त्यांचा आधार घेतला. कवट्यांच्या ठेवणीवरून युरोपीय माणसाचं श्रेष्ठत्व दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक आढळत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध!

मग फरक येतो कुठून? बराचसा माती-पाण्यातून. कोकणात शंभर इंचांच्या वर पाऊस, म्हणून भात, उतरती कौलारू छपरं आणि ताटात मासळी. घाट ओलांडून माण-खटावकडे गेलं की पाऊस वीस इंचांच्या आसपास. तिथे ज्वारी-बाजरी आणि धाब्याची घरं. पण सगळंच हवामानावर ढकलता येत नाही. पाऊस ज्वारीचं कारण सांगतो, वारीचं सांगत नाही. कमी पावसाचे प्रदेश जगात पुष्कळ आहेत. पेरण्या आटोपल्यावर टाळ घेऊन पंढरपूरला चालत निघणारी माणसं मात्र एकाच ठिकाणी आहेत. कुणीतरी कधीतरी काही सुरू करतं, बाकीचे त्यात भर घालतात आणि शेकडो वर्षांनी त्याची संस्कृती होते. परिस्थिती प्रश्न घालते, उत्तर मात्र माणसं आपल्या बुद्धीने शोधतात.

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. ही वेगवेगळी उत्तरं जपायची कशासाठी? त्यासाठी मी आपल्या सध्याच्या देशातलीच एक गोष्ट सांगतो. ती मक्याची आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षं खपून एका रानगवताचं कणीस मोठं केलं. ते लोक मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवत. विड्याच्या पानाला आपण लावतो, तोच चुना! उत्तरेकडच्या अनेक जमाती चुन्याऐवजी लाकडाची राख वापरत. टॉर्टियासाठी मेक्सिकन दुकानातून आपण मासाचं पीठ आणतो, ते आजही याच पद्धतीने केलेलं असतं. असं का करायचं, हे विचारलं असतं तर त्या बायकांनी एवढंच सांगितलं असतं की साल निघतं, पीठ चांगलं मळलं जातं आणि आमची आजीही असंच करायची.

कोलंबसानंतर युरोपीय लोकांनी मका उचलला आणि जगभर नेला. चुना मात्र तिथेच राहिला. ती 'अडाणी' लोकांची पद्धत, आपल्याकडे गिरण्या असताना हवी कशाला? मग स्पेन आणि इटलीत, गरीब लोक मक्यावरच जगत होते त्या भागांत, एक विचित्र रोग दिसू लागला. कातडी खरखरीत होऊन सोलवटायची, जुलाब व्हायचे, बुद्धिभ्रंश व्हायचा आणि शेवटी मृत्यू. इटलीत त्याला 'पेलाग्रा' म्हणजे खरखरीत कातडी असं नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच रोग अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. कापसाच्या शेतात आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरिबांच्या ताटात मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यापलीकडे फारसं काही नव्हतं. चार दशकांत सुमारे तीस लाख लोकांना हा रोग झाला आणि लाखभर माणसं दगावली, असा अंदाज केला जातो.

हा जंतूंचा रोग आहे, असं बहुतेक डॉक्टर म्हणत होते. १९१४ साली सरकारने हे काम डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवलं. हेही लहानपणी हंगेरीच्या राज्यातून न्यूयॉर्कला आलेले स्थलांतरित. रोगाचं कारण जंतूंत नसून आहारात आहे, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. ते १९२९ साली वारले आणि नेमका कमी पडणारा घटक, नायसिन हे जीवनसत्त्व, १९३७ साली सापडला. मक्यात नायसिन असतं, पण ते अशा रीतीने बांधलेलं असतं की शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलं की ते सुटं होतं. मेक्सिकोच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना नायसिन हा शब्द ठाऊक नव्हता. उत्तर मात्र त्यांच्या हातात होतं.

मला या गोष्टीत सगळा विषय दिसतो. संस्कृती म्हणजे नुसती सजावट नव्हे. पिढ्यान् पिढ्या एका जागी जगताना माणसांना सापडलेल्या उत्तरांचा तो साठा असतो, आणि बरीचशी उत्तरं ती देणाऱ्यांनाही शब्दांत सांगता येत नाहीत. ती हातात असतात, म्हणींत असतात, सणांच्या क्रमात असतात. दुसऱ्याची रीत खुळी म्हणून टाकून देताना आपण नेमकं काय टाकतो, हे त्या वेळी कळत नाही. कळतं तेव्हा कधी कधी दोन-तीन शतकं उलटलेली असतात.

मक्याचाच आणखी एक धडा आहे. १९७० साली अमेरिकेतल्या मक्यावर पानं करपवणारा बुरशीचा रोग आला आणि त्या वर्षी देशाचं सुमारे पंधरा टक्के पीक गेलं. कारण असं, की बियाणं तयार करायला सोपं म्हणून बहुतेक संकरित मक्यात एकाच मूळ वाणाचा अंश घातला होता आणि नेमका तोच त्या बुरशीला बळी पडणारा निघाला. एका शेतात जे झालं तेच सगळीकडे झालं. पुढच्या वर्षांत शेती सावरली, कारण जुनी वेगळी बियाणी कुणीतरी ठेवली होती. सगळं एकसारखं असणं सोयीचं असतं, स्वस्त असतं, आणि संकट येईपर्यंत शहाणपणाचंही वाटतं.

इथे चाणाक्ष वाचक दोन आक्षेप घेतील आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा, की मग जुनं ते सगळंच सोनं का? विविधतेच्या नावाखाली विधवांचं केशवपन आणि अस्पृश्यताही जपायची होती का? याचं उत्तर शोधायला पुन्हा कोलंबियातच जावं लागतं. ९ मे १९१६ रोजी तिथे अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. हे गोल्डनवायझर बोआस यांचेच शिष्य. आंबेडकरांनी मांडलं ते थोडक्यात असं: भारतात संस्कृतीची एकता आहेच, जात म्हणजे त्या एकसंध समाजाचे पाडलेले बंदिस्त कप्पे आहेत आणि जातीबाहेर लग्न न करणं हे त्या कप्प्यांचं कुलूप आहे.

विविधतेची कसोटी मला या निबंधात सापडते. वेगळेपणाला दार असेल तर ती संस्कृती. आत यायला, बाहेर जायला, घ्यायला, द्यायला मोकळीक असली पाहिजे. दार बंद करून वर उच्चनीचतेची पाटी लावली की तिची जात होते. केशवपन हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं, तो बळजोरीचा कप्पा होता. आणि तो फोडायला फुले आणि आगरकर हे मराठी मातीतूनच उठले. संस्कृती जपायची म्हणजे तिच्यातले टीकाकारही जपायचे. आपल्या मंडळांनीही अधूनमधून स्वतःला विचारायला हरकत नाही, की आपल्याकडे जपलं जातं ते दाराचं घर आहे की कप्पा?

दार उघडं असलं की काय होतं याचा पुरावा आपल्या आषाढी एकादशीच्या ताटातच आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा होतो तो कसावाच्या कंदापासून, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. आपल्या सर्वांत सोवळ्या पदार्थातलं तूप-जिरं सोडलं तर बहुतेक सगळंच अमेरिकन! आपल्या पूर्वजांनी पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेल्या या वस्तू पारखल्या, घेतल्या, उपासालासुद्धा चालवून घेतल्या आणि त्यांतून असा पदार्थ केला जो आता फक्त आपला वाटतो. शुद्धतेचा आग्रह धरला असता तर उपासाला आपण काय खाल्लं असतं कोण जाणे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तोच त्या दहा वर्षांच्या मुलाचा आहे. मक्याचं बियाणं कोठारात ठेवता येतं, पण माणूस म्हणजे कोठार नव्हे. जगाची विविधता टिकावी म्हणून एका मुलाने आपला रविवार का द्यावा? आई-बाबा स्वतःच्या इच्छेने देश सोडून आले, मग त्यांच्या आठवणींचं ओझं मुलांनी का वाहायचं?

मला वाटतं, इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. मुलांवर असं कोणतंही कर्ज नाही. संस्कृती जिवंत ठेवणं हे तिच्यासाठी कुणाला बांधून घालणं असेल, तर ती न टिकलेली बरी. पण याची दुसरी बाजूही आहे. जे हातात दिलंच नाही, ते नाकारण्याचं स्वातंत्र्यही मुलाला उरत नाही. मराठी येणारी मुलगी विसाव्या वर्षी म्हणू शकते, "मला यात रस नाही." मराठी न येणारीला तिशीत रस वाटला, तर तिला परक्या पाहुण्यासारखं दारातून सुरुवात करावी लागते. म्हणजे कर्तव्य आहे ते आपलं, देण्याचं. ठेवायचं की सोडायचं, हा हक्क त्यांचा.

या देशात हे देणं ज्यांच्याकडून हिसकावून घेतलं गेलं त्यांची हकिकत आपण मुलांना जरूर सांगावी. १८७९ साली पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल इथे मूळच्या अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापले, नावं बदलली, आईच्या भाषेत बोलायला बंदी केली. ती शाळा १९१८ साली बंद झाली, पण तिच्या नमुन्यावर देशभर शाळा निघाल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी या शाळांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. हवाई बेटांवर १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचं ठरलं आणि १९८० च्या दशकात, दूरच्या निहाउ बेटाबाहेर, हवाई भाषा बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती. तेव्हा काही पालकांनी आणि शिक्षकांनी १९८४ साली काउआई बेटावर एक छोटी बालवाडी काढली. तिच्या हवाई नावाचा अर्थ होतो आवाजांचं घरटं. आजी-आजोबांना तिथे बोलावलं, मुलांशी फक्त हवाई भाषेत बोलायचं ठरवलं. आज त्या भाषेत बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिकता येतं.

आपल्यावर अशी बंदी कुणी घातलेली नाही. आपली मराठी कुणी हिसकावली नाही. ती जाईल ती कंटाळ्याने आणि "राहू दे, पुढच्या वर्षी बघू" यानेच.

पण दूर गेलेली मराठी टिकते का? टिकते, मात्र ती पुण्यासारखी राहत नाही, हे मान्य करायला हवं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला राज्य करू लागले. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे यांनी तिथे मराठी नाटकं लिहिली, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं त्याच्या सव्वाशे वर्षांहूनही आधी. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मराठी कीर्तन तिथे तमिळ संगीताला भेटलं आणि त्यातून दक्षिणेची हरिकथा घडली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ऐकू येतात. तंजावरची मराठी आपल्या कानांना तमिळ वळणाची वाटेल. तिला बिघडलेली म्हणणारे म्हणोत. साडेतीनशे वर्षं घराबाहेर राहून ती बोलते आहे.

दुसरं उदाहरण आपल्या बेने इस्रायल बांधवांचं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, मराठीतून ज्यू धर्मकथांची कीर्तनं, एलिया प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा. शेजाऱ्यांनी त्यांना आपल्यासारखं व्हा म्हणून छळलं नाही आणि त्यांनीही आपला शनिवार सोडला नाही. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे उलटंच घडलं. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली आणि १९६४ साली संसदेने निर्वाळा देईपर्यंत त्यांना आंदोलन करावं लागलं. त्याच लोकांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. कोकणात ते ज्यू म्हणून वेगळे होते, इस्रायलमध्ये मराठी म्हणून वेगळे झाले. त्यांनी दोन्ही ठेवलं.

आपणही आज त्याच वाटेवर आहोत. आपली मुलं "मी शाळेत ड्राइव्ह करून गेलो" म्हणतात, पुरणपोळीत कॅनमधलं पुरण असतं, गणपती सोयीच्या शनिवारी येतो. यात रडण्यासारखं काही नाही. ही तंजावरची सुरुवात आहे. काळजी करायची ती अशुद्ध मराठीची नव्हे, थांबलेल्या मराठीची. मुलाच्या चुकीच्या लिंगावर सगळे हसले की ते मूल पुढच्या वेळी इंग्रजीत बोलतं.

तेव्हा रविवारी सकाळी तो प्रश्न आला तर गाडीत बसायला सांगण्याआधी त्याला मक्याची गोष्ट सांगून बघा. म्हणावं, तुझ्या पणजीच्या हातात कोणता चुना होता हे मलाही पुरतं माहीत नाही. कदाचित तो ओवीत असेल, कदाचित परक्याला भाकरी देण्याच्या रीतीत, कदाचित "असू दे" या दोन शब्दांत. ती बोलत होती ती भाषा तुला येत असेल तर तू तो शोधू शकशील आणि तुझ्या वर्गातल्या कोरियन, ग्रीक, मेक्सिकन मित्रांना देऊ शकशील. त्यांच्याकडेही तुला देण्यासारखं काही असेल, तेही मागून घे. मॅच असेल त्या रविवारी खुशाल मॅचला जा. संध्याकाळी आजीला फोन करून स्कोअर मात्र मराठीत सांग.